लवूचं पडणं

"पडणारो बरो असलो, तरच मारणारो मोठो दिसता."

लवूचं हे वाक्य वेळवाडीत पोरासोरांनाही पाठ होतं. रापणीच्या जाळ्याची दोरी ओढताना तो ते म्हणायचा, काजूच्या बिया फोडताना म्हणायचा, कसालच्या बाजारात कुणी "काय रे लवू, काल खंय मेलंस?" म्हणून डिवचलं तरी उत्तर म्हणून तेच म्हणायचा. सांगायचा हळू, पण मान ताठ ठेवून.

त्याचं आडनाव फारसं कुणाच्या लक्षात नव्हतं. तो लवू राक्षस. दशावतारी कंपनीतले राजे बदलले, लुगडी नेसून राणी होणारे बदलले, पायपेटीवाला म्हातारा होऊन घरी बसला, राक्षस मात्र लवूच राहिला. कार्तिकातल्या जत्रांपासून वैशाखापर्यंत गावोगावच्या देवळांपुढे तो रोज एकदा मरायचा. देवळाच्या अंगणात त्याची आरोळी उठली की माडावरचे कावळे उडत, आणि घरी बोलणं असं की सीतेला, त्याच्या बायकोला, "काय म्हणालास?" असं दोनदा विचारावं लागे. एकदा तळेऱ्याच्या नाक्यावर एका म्हातारीने त्याला ओळखलं आणि राणीला पळवून नेल्याबद्दल एसटी येईपर्यंत शिव्या घातल्या. लवूने त्या मान खाली घालून ऐकून घेतल्या. घरी येऊन सीतेला म्हणाला, "ह्याच्यापेक्षा मोठा बक्षीस खंय गावता गो?"

त्याचं पडणं बघायला लोक दुसऱ्या तालुक्यातून यायचे. राजाची तलवार लागली की आधी डावा गुडघा जमिनीला टेके, मग कंबर, मग पाठ. तीन आवाज. मोठं झाड पडताना मुळं तुटतात, मग बुंधा कलतो, मग फांद्या आपटतात, तसे. आणि पडल्यावर लवू असा निपचित राही की पहिल्या रांगेतली माणसं मान पुढे काढून त्याचा श्वास शोधत.

सीतेने ते कधी पाहिलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत राजाने तलवार उचलली तशी ती उठली आणि देवळामागच्या विहिरीपाशी जाऊन पाठ फिरवून उभी राहिली. नवऱ्याचं मरण, सोंगातलं असलं तरी, डोळ्यांनी कशाला बघायचं? तेव्हापासून ती दर जत्रेत तिथेच उभी राही. तीन आवाज ऐकी, मग दह्याची हंडी फुटल्याचा आवाज, मग सगळ्या गावाचं "होय म्हाराजा!" मेलेला राक्षस देवासमोरून जात नाही, तो देवळामागून जातो, ही वाडीची रीत. म्हणून लवू विहिरीवरूनच येई. सीता त्याला पाण्याचा तांब्या देई, आणि काळ्या रंगातून पांढरे दात दाखवत तो विचारी, "कसो पडलंय?"

"बघूक नाय," ती म्हणे.

सगळ्या मुलखाने त्याच्या पडण्याची वाखाणणी केली. हे एक मत तेवढं त्याला कधी मिळालं नाही.

पुढे एका पावसाळ्यात लावणी चालू असताना लवू चिखलात मटकन बसला. छाती आवळून आली होती. ओरोसच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सीतेकडे बघून सांगितलं, "आता ओरडायचं नाही, उड्या नाहीत, धडपड नाही. हृदय थकलंय. कळ आली की ही गोळी लगेच जिभेखाली." सीतेने गोळ्या पदराच्या गाठीला बांधल्या. घरी आल्यावर लाकडी तलवार आणि केसांचा टोप माळ्यावर गेला. रवळनाथाच्या पायरीला हात लावून लवूने तिला शब्द दिला की आता सोंग नाही.

दोन जत्रा तो शब्द पाळला गेला. दोन्ही जत्रांत लवू प्रेक्षकांत बसला आणि कंपनीच्या नव्या राक्षसाला बघून फक्त एवढंच म्हणाला, "पडता कसो, पिशवी टाकल्यासारो."

दोन हजार नऊच्या जत्रेला कंपनीही आली नाही. त्याच दिवशी दुसऱ्या गावाला तिने आधीच शब्द दिलेला. मानकरी डोकं खाजवत बसले असताना प्रितेश पुढे झाला. वाडीतलाच मुलगा, मुंबईला केबलच्या धंद्यात शिरलेला. त्याच्याकडे प्रोजेक्टर होता आणि एक नवा परदेशी सिनेमा होता, हिंदीत बोलणारा. "जगातला सगळ्यात महागडा सिनेमा," तो सांगत सुटला. "आकाशातून लोखंडाचा राक्षस येतो. डोंगराएवढा! दशावतारात काय असतं, लढाईच ना? ही बघा लढाई!"

लढाई आहे, राक्षस आहे, म्हणजे चालेल, असं मानकऱ्यांना वाटलं. चूक झाली ती इथे. राक्षस मरतो ना, हे कुणी विचारलंच नाही. राक्षस आहे म्हटल्यावर तो मरणार, यात विचारायचं काय?

दिवेलागणीला देवळासमोर, जिथे दशावतार उभा राहतो तिथेच, पांढरा पडदा लागला. देवाला दिसावं म्हणून गाभाऱ्यासमोरची वाट मोकळी सोडून माणसं दोन्ही बाजूंना बसली. वर मांडवाच्या आढ्याला, राक्षस मेल्यावर फोडायची दह्याची हंडी टांगलेली. आणि मग जो काय गडगडाट सुरू झाला! इमारती कोसळल्या, पूल मोडले, विमानं माशांसारखी खाली पडली. पोरं ओरडत होती, म्हातारे कान धरून बसले होते. सीता पडद्याकडे बघतच नव्हती. ती लवूकडे बघत होती. खांबाला टेकलेल्या लवूचा डावा गुडघा, पडद्यावरच्या राक्षसाला तोफ लागली की, धोतराखाली हलत होता.

शेवटी राक्षसाचे तुकडे झाले आणि ते समुद्रात बुडाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवळाचे भाई गुरव हंडी फोडायची काठी घेऊन उठले. तोच पडद्यावर पाण्याच्या तळाशी, काळोखात, राक्षसाचा एक डोळा लाल झाला. उघडला. आणि पडदा काळा पडला.

भाई काठी घेऊन तसेच उभे राहिले.

"मगे?" रापणीचा तांडेल बाबली म्हणाला. "पुढचा लाव."

"संपला," प्रितेश म्हणाला.

"संपलो कसो? तो जितो आसा रे!"

"अहो बाबलीकाका, ती स्टाईल असते. दुसरा भाग येणार. पुढच्या वर्षी."

"आणि पुढच्या वर्सापर्यंत तो दर्यात काय करतलो? बांगडे खातलो?"

हशा पिकला खरा, पण तो लगेच विरला. मग ज्याची त्याची मतं बाहेर पडली. तरुण पोरांना सिनेमा आवडला होता; पूल कसा मोडला ते ती एकमेकांना हातवारे करून सांगत होती. मासे विकणारी काशीबाई तोंडाने कुणाला हटायची नाही. "येवढी माणसा मेली," ती म्हणाली, "पण एकाचे तरी आवस-बापूस रडताना दिसले? माणसा मारूची आणि रडूक कोण ठेवूचा नाय? ह्येका काय नाटक म्हणतत?"

"काकी, त्यात गाणी नाहीत म्हणून तुम्हाला..."

"गाणी घाल चुलीत! आणि माका सांग, ती बायल धावता, धावता, आख्खा शहर पडता, आणि तिच्या वेणीचो एक केस सुटूक नाय? माझी वेणी साधी पाटी उचलली तरी सुटता."

"होड्यो बऱ्यो होत्यो," बाबली म्हणाला. त्याचं लक्ष मात्र पडद्यावर नव्हतं, भाईंकडे होतं. "भाई, हंडी?"

भाईंनी काठी गाभाऱ्याच्या भिंतीला टेकून ठेवली. "देवासमोर राक्षस उभो केलास, आणि जितो ठेवलास," ते हळूच म्हणाले. "माझ्या बापसान अशी हंडी फोडूक नाय, आजयान फोडूक नाय. मी कसो फोडू?"

हंडी तशीच लोंबकळत राहिली. माणसं घरी गेली. जत्रा उठली नाही, मोडली.

सकाळी किनाऱ्याजवळच्या पाण्यावर पक्ष्यांची झुंबड होती. खाली बांगड्यांचे थवेच्या थवे आले होते, पाणी शिजल्यासारखं उकळत होतं. असं बघितल्यावर वेळवाडी एरवी जेवत्या ताटावरून उठायची. त्या सकाळी रापणीची होडी वाळूवर होती, जाळं होडीत होतं, आणि माणसं होडीपासून चार हात लांब उभी होती. कुणी म्हणत नव्हतं की मी भितो. पण पाण्यात पहिला पाय घालायलाही कुणी तयार नव्हतं.

थोड्या वेळाने सीतेच्या अंगणात बाबली आला. मागे भाई, काशीबाई आणि मान खाली घातलेला प्रितेश. सीता उंबऱ्यात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

"नाय," ती म्हणाली.

"अगो, आमी काय बोलूक तरी..."

"तुमी बोलूच्या आधीच सांगतंय. नाय."

"सीते," बाबली म्हणाला, "माका पण ठावक आसा तो सिनेमा आसा. कपड्यावरचा चित्र. पण जाळ्यात एक जरी माणूस बुडलो, तर सगळो गाव काय म्हणतलो? हंडी न फोडता गेले. मी तांडेल. माझ्या शब्दावर पोरा पाण्यात उतरतत. मी कसो सांगू, चला म्हणान?"

"मगे दुसरो राक्षस आणा."

"सगळ्यो कंपन्यो जत्रांक गेल्यो. तीन दिवस कोण गावणा नाय."

"तीन दिवस थांबा."

"आमी रवतलव. बांगडो रवतलो?"

"ओरोसच्या डॉक्टरान काय सांगल्यान तां तुमका ठावक नाय? माझो घोव तुमच्या बांगड्यापेक्षा..."

आतून लवूचा हळू आवाज आला. "तेका बरो पडूक दिल्यानी नाय."

सगळ्यांनी आत बघितलं. तो चुलीपाशी बसला होता. "रातभर इचार करतंय. तो लोखंडी. येवढो पैसो घातल्यानी, पण मारणारे मोठे दिसाक नाय. कित्याक? तर बनवणाऱ्यांका तो पुढच्या वर्सा परत व्हयो. म्हणान अर्धोच मारल्यानी. राक्षसान असा नाय मराचा. राक्षसान पुरा मराचा, म्हंजे लोकांनी निवांत घराक जावचा."

सीतेने वळून त्याच्या तोंडाकडे बघितलं. दोन वर्षांत त्या तोंडावर असं तेज दिसलं नव्हतं. तिला भीती वाटली ती त्याचीच. बाबलीला ती दारातून घालवून देऊ शकली असती. ह्याला कुठे घालवणार?

"तू पायरीक हात लावलंस," ती म्हणाली.

"लावलंय. शब्द तुका दिललो. तूच परत दिलंस तर जातंय. नायतर हंयच बसतंय." आणि तो खरंच बसून राहिला, पाय पोटाशी घेऊन.

खालून पक्ष्यांचा कलकलाट येत होता. सीतेला वाटलं, ह्याला बसवून ठेवला तर हा जगेल. पण असाच जगेल, चुलीपाशी. आणि दुसऱ्या बाजूला ती विहीर, आणि ते तीन आवाज.

तिने चौकटीवरचे हात काढले. "ओरडूचा नाय," ती म्हणाली. "उडी नाय. गिरकी नाय. खाली येवचा आणि पडाचा."

"बरा."

"आणि मी समोर बसतलंय. विहिरीर नाय."

लवूने मान वर केली. "बघतलंस?"

"बघतलंय."

राजा कोण, हा प्रश्न काशीबाईने सोडवला. "ज्यान राक्षस आणलो, तेनाच मारूचो!" आणि तिने प्रितेशला दंडाला धरून पुढे ओढलं.

भर उन्हात असं सोंग वेळवाडीने कधी बघितलं नव्हतं. रात्री भीतिदायक दिसणारा काळा रंग सकाळी साधी काजळी दिसत होता, आणि टोपाचे केस विटले होते. पोरं हसायला लागली. लवू देवळाच्या कोपऱ्यावरून दोन पावलं पुढे आला, थांबला, आणि त्याने नुसती मान वळवून पोरांकडे बघितलं. हसू थांबलं. आरोळी नाही, उडी नाही. तो एकेक पाऊल टाकत देवाकडे येत गेला, आणि माणसं बसल्या जागी मागे सरकत गेली.

सीता पहिल्या रांगेत होती. पदराची गाठ मुठीत धरून.

प्रितेशने लाकडी तलवार उचलली, नजर तिच्यावरच ठेवून. लवूने ओठ न हलवता त्याला सांगितलं, "भियां नको. माका बघ. तलवार बघू नको." प्रितेशने डोळे मिटून घाव घातला. लवूने छाती पुढे केली, हात आकाशाकडे गेले. आणि तो पडला.

आवाज एकच झाला.

लोकांनी श्वास सोडला. "व्वा!" कुणीतरी म्हणालं. सीता मात्र अजून दुसऱ्या आवाजाची वाट बघत होती. इतकी वर्षं पाठ फिरवून तिने ते पडणं ऐकलं होतं. गुडघा, कंबर, पाठ. आज गुडघा वाजला नाही, कंबर वाजली नाही. डोळे नसलेल्या माणसाला कानांनी कळावं तसं तिला ते कळलं. तो पडला नव्हता, कोसळला होता.

तिने आजूबाजूला बघितलं. सगळी माणसं खूश होऊन बघत होती. लवू एवढा हुबेहूब मेलेला पडायचा की आज कुणाला वेगळं काही दिसणं शक्यच नव्हतं. त्याच्या ओठावर एक माशी बसली. ओठ हलला नाही.

पडलेल्या राक्षसाला हंडी फुटून दही शिंपडेपर्यंत हात लावायचा नाही. लावला तर मरण अर्धं राहतं. आणि भाई गुरव गाऱ्हाणं घालायला उभे राहिले होते, हात जोडून, डोळे मिटून, सावकाश. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"आज जां काय तुझ्या लेकरांकडसून चुकान घडला..."

"होय म्हाराजा!"

गाऱ्हाणं लांब होतं. त्यात वाडीतल्या प्रत्येक घराचं नाव येणार होतं, प्रत्येक होडीचं, मुंबईला गेलेल्या प्रत्येक पोराचं. सीतेच्या मुठीत गोळीची गाठ होती आणि तिच्यापासून दहा हातांवर लवू. ती अर्धी उठली. बाजूच्या काशीबाईने तिचा पदर धरला, "बस गो, संपूक नाय अजून." सीतेने पदर सोडवून घेतला. तिला ओरडून सांगता आलं असतं की तो खरोखर पडलाय. पण मग सगळे धावले असते, मरण अर्धं राहिलं असतं, आणि ज्यासाठी तो चुलीपासून उठला ते वाया गेलं असतं.

ती लवूकडे गेली नाही. ती भिंतीकडे गेली. टेकून ठेवलेली काठी तिने उचलली आणि आढ्याखाली उभी राहून, ज्या हंडीला वेळवाडीत कधी बाईचा हात लागला नव्हता, तिच्यावर घातली.

हंडी फुटली. दही तिच्या डोक्यावर आलं, लवूच्या छातीवर आलं, प्रितेशच्या तलवारीवर आलं. भाईंचे डोळे उघडले. तोंडातला शब्द तोंडात राहिला.

"मेलो!" सीता सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली. "राक्षस मेलो म्हाराजा! आता हो माझो!"

आणि ती गुडघ्यांवर पडली, गाठ दातांनी सोडली, लवूचा जबडा उघडून गोळी जिभेखाली सरकवली. तेव्हा कुठे लोकांना उमगलं. कुणी पाणी आणायला धावलं, कुणी रिक्षा बोलवायला. भाई जागचे हलले नाहीत. दह्याच्या खापऱ्यांकडे बघत ते काहीतरी पुटपुटत होते. मग त्यांनी हात जोडले आणि एका दमात गाऱ्हाणं पुरं केलं, "...मान्य करून घे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" बाबलीचा आवाज सगळ्यांत मोठा आला.

लवूच्या तोंडावरचा घाम काळ्या रंगातून रेघा काढत खाली येत होता. सीता त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. एकदा तिला वाटलं, गेला. मग त्याच्या पापणीवरचं दही थरथरलं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले, आधी वर तुटक्या दोरीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"कसो पडलंय?" त्याने विचारलं. आवाज नव्हता, नुसता वारा होता.

सीतेने पदराने त्याचं तोंड पुसलं. पुसता पुसता म्हणाली, "वायट. एकदाच वाजलंस."

लवू तिच्याकडे बघत राहिला. "तुका काय ठावक कितीदा वाजतंय तां? तू कधी बघूक नाय."

"आयकलंय," सीता म्हणाली. "परतेक वेळी."

त्याने डोळे मिटले, आणि त्या रंगातूनही दिसावं असं त्याच्या तोंडावर हसू पसरलं.

रिक्षा देवळामागच्या वाटेवर आली. ओरोसला न्यायचं ठरलं. बाबलीने पोरांना खाट आणायला सांगितली, पण लवूने मान हलवली. मेलेला राक्षस स्वतःच्या पायांनी जातो, देवळामागून. प्रितेश दंड धरायला गेला, त्याचा हात लवूने हळूच बाजूला केला. "माझ्या मागसून ये," तो म्हणाला, "तलवार खाली ठेव आधी."

सीता त्याचा सदरा आणायला घरी धावली. येताना ती पायवाटेने विहिरीपाशी पोचली तेव्हा तो देवळाच्या मागच्या कोपऱ्यावरून बाहेर पडत होता. भिंतीला हात लावत, एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल. टोप त्याने काखेत धरला होता. खाली वाळूवर आरडाओरडा उठला; होडी पाण्यात गेली होती, जाळं सुटत होतं, आणि सगळी वेळवाडी तिकडे पळाली होती. प्रितेशनेही एकदा तिकडे बघितलं. सीता विहिरीच्या काठाला टेकून उभी राहिली, सदरा छातीशी धरून. यावेळी पाठ न फिरवता. लवू तिच्या समोरून रिक्षाकडे गेला, डावा पाय जरा ओढत, आणि तो आत बसेपर्यंत तिने पापणी लवू दिली नाही.